गोळेश्वरचा मल्ल

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या दोन नद्या निरनिराळ्या वाटांनी निघतात. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून दूरवर वाहत गेल्यावर त्या कराड येथे अगदी समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात. या संगमास लोक प्रीतिसंगम म्हणतात. संगमाच्या आसपास काळीभोर, सुपीक जमीन आहे. तिच्यात ज्वारी, भुईमूग आणि ऊस ही पिके निघतात. या मुलखात आणखी एक गोष्ट पूर्वीपासून पिकत आली आहे, ती म्हणजे कुस्ती. गावोगावी तालीम असते. गावच्या देवाची यात्रा भरली की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड ठरलेला. नारळावर सुरू झालेली कुस्ती चढत चढत मानाच्या फेट्यापर्यंत जाते आणि सारा गाव मैदानाभोवती उभा राहून ती पाहतो.

कराडजवळचे गोळेश्वर हे असेच एक लहानसे खेडे. तेथे दादासाहेब जाधव नावाचे एक शेतकरी राहत असत. ते स्वतः नामांकित मल्ल होते. त्यांना पाच मुलगे झाले. त्यांतील सर्वांत धाकटा खाशाबा. त्याचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी झाला. वडिलांचा हात धरून खाशाबा पाचव्या वर्षीच तालमीत उतरला. मातीत पडावे कसे, पडूनही पाठ कशी टेकू देऊ नये, समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी ढळतो, हे सर्व त्याला वडिलांनीच प्रथम शिकविले. आठ वर्षांचा असताना त्याने त्या भागातील एका नावाजलेल्या लहान मल्लास अवघ्या दोन मिनिटांत चीत केले. त्या दिवसापासून गोळेश्वरच्या या पोराकडे लोकांचे लक्ष जाऊ लागले.

खाशाबा अंगाने काही धिप्पाड नव्हता. त्याची उंची मध्यम, बांधा आटोपशीर, चेहरा शांत. रस्त्याने जाताना पाहिले, तर हा मल्ल असेल असे अनोळखी माणसास वाटलेही नसते. ही त्याची देहयष्टी त्याला पुढे एकदा अडचणीत आणणार होती.

सन 1940 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, खाशाबाचे नाव कराडच्या टिळक हायस्कुलात दाखल झाले. त्या काळी हायस्कूल ही आजच्यासारखी गावोगावी आढळणारी संस्था नव्हती. आसपासच्या खेड्यांतील मराठी शाळा संपवून जी थोडी मुले पुढे शिकत, ती कराडला येत. पुष्कळ मुले रोज पायी येत. फडक्यात भाकरी बांधलेली आणि बगलेत वह्यापुस्तके, अशी ही मुले पावसाळ्यात चिखल तुडवीत आणि उन्हाळ्यात धूळ झाडीत शाळेच्या दारात उभी राहत. इंग्रजी हा विषय त्यांना मोठा कठीण जाई. बीजगणित, भूमिती, इतिहास यांची तयारी करून शेवटी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत इंग्रजीची दांडी उडाली की सात वर्षांची मेहनत पाण्यात जाई. शेतीच्या कामांमुळे खेड्यातील मुलांची वर्षे मागेपुढे होत. चौदाव्या वर्षी हायस्कुलात येणे आणि एकविसाव्या वर्षी तेथून बाहेर पडणे, यात तेव्हा कोणास नवल वाटत नसे. खाशाबाचेही तसेच झाले.

या हायस्कुलास एक परंपरा होती. खाशाबा तेथे येण्यापूर्वी काही वर्षे देवराष्ट्रे गावचा एक गरीब मुलगा याच शाळेत शिकून गेला होता. 1932 साली, विद्यार्थिदशेतच, स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगातून सुटून आल्यावर त्याने पुन्हा शाळेची वाट धरली आणि 1934 साली तो मॅट्रिक झाला. ते यशवंतराव चव्हाण होत. पुढे 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच झाले. ज्या शाळेतून असा विद्यार्थी गेला, तिच्या वर्गांत देशाच्या प्रश्नांची चर्चा होत नसती तरच आश्चर्य.

पैलवानाची अक्कल गुडघ्यात, असे आपल्याकडे लोक थट्टेने म्हणतात. ही म्हण खाशाबाला लागू पडली नाही. अभ्यासात तो पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी नव्हता, परंतु अभ्यासाकडे त्याने कधी पाठही फिरविली नाही. तालीम आणि शाळा या दोन्ही गोष्टी त्याने एकाच वेळी धरून ठेवल्या. हे वाटते तितके सोपे नव्हे. पहाटे मेहनत करून थकलेले शरीर दुपारी वर्गातल्या बाकावर बसले की डोळे मिटू लागतात. शिवाय मल्लाचा खुराक महाग. दूध, तूप, बदाम यांची सोय लावताना शेतकऱ्याच्या घरी वह्यापुस्तकांना पैसे उरणे कठीण. म्हणूनच तालमीत नाव काढणारी पुष्कळ मुले चारदोन इयत्तांनंतर शाळा सोडून देत. खाशाबाने ती सोडली नाही.

शाळेच्या मैदानावर तो एकट्या कुस्तीवर समाधान मानणारा नव्हता. धावणे, पोहणे, वजने उचलणे, हातोडाफेक अशा नाना खेळांत तो भाग घेई. पोहण्याने छाती रुंदावते आणि दम वाढतो. धावण्याने पाय चपळ होतात. वजने उचलल्याने पकड घट्ट होते. कुस्तीच्या वेळी या सर्वांचा उपयोग होतो. जोर आणि बैठका हा तर त्याचा नित्यनेम. तीनशे जोर आणि हजार बैठका एवढी त्याची मेहनत असे. त्याला पुढे बेलापुरे गुरुजी आणि बाबुराव बलवडे यांच्यासारखे वस्ताद लाभले. ढाक हा डाव त्याने असा काही घोटून बसविला की, त्याच्या नावाशीच तो जोडला गेला. ढाकेत प्रतिस्पर्ध्याची मान व हात बगलेत घट्ट धरून, आपण वळता वळता त्याला कमरेवरून फेकावयाचे असते. शक्तीपेक्षा वेळ साधण्याला तेथे महत्त्व. क्षणभर आधी वळले तर पकड सुटते, क्षणभर उशीर झाला तर आपणच खाली येतो.

खाशाबाचे हायस्कुलातील दिवस मोठ्या धामधुमीचे होते. 1942 साली चले जाव चळवळ सुरू झाली आणि सातारा जिल्हा पेटून उठला. तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज येथे 9 सप्टेंबर 1942 रोजी मोर्चावर गोळीबार होऊन माणसे बळी पडली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी भूमिगत होऊन खेड्याखेड्यांतून आपला कारभार चालवू लागले. त्यालाच लोक प्रतिसरकार म्हणत. पोलिसांचा डोळा चुकवून हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांना आसरा देणे आणि त्यांचे निरोप पोचविणे, हे काम त्या काळी जिल्ह्यातील कितीतरी तरुणांनी केले. खाशाबाही त्यांतला एक होता. पकडला गेला असता, तर त्याचे शिक्षण आणि कुस्ती दोन्ही तुरुंगाच्या भिंतीआड राहिली असती.

सन 1947 मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी हायस्कुलाचे शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची राजधानी. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना उदार आश्रय दिला होता आणि खासबागेचे भव्य मैदान बांधले होते. पंजाबापासूनचे मल्ल तेथे येऊन राहत. अशा नगरीत एका खेड्यातून आलेल्या, साध्या अंगकाठीच्या विद्यार्थ्याकडे कोण लक्ष देणार? कॉलेजात वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या. खाशाबा कुस्तीसाठी नाव देण्यास गेला, तेव्हा त्याचे शरीर पाहून खेळाच्या शिक्षकांनी त्याचे नाव घेतलेच नाही. तो निमूटपणे परत फिरला नाही, की भांडलाही नाही. तो सरळ प्राचार्यांकडे गेला आणि त्याने परवानगी मागितली. ती मिळाली. मग मैदानात त्याने आपल्याहून थोराड अशा मल्लांना एकामागून एक चीत केले. त्यानंतर कॉलेजात त्याच्या देहयष्टीविषयी कोणी बोलले नाही.

येथून पुढे खाशाबांचे आयुष्य झपाट्याने बदलले. 1948 साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च दिला आणि बावीस वर्षांचे खाशाबा लंडनला गेले. आपल्या आणि तिकडच्या कुस्तीत किती अंतर आहे, हे त्यांना तेथे कळून आले. आपली कुस्ती मातीत होते. ती माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. तिच्यावर पाय रोवून उभे राहता येते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. गादीवर पाय निराळे पडतात, पकड निराळी बसते. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली. मग त्यास घटका लागो की तास. तिकडे घड्याळ लावून कुस्ती होते आणि चितपट झाली नाही, तर त्या काळी पंच आपसांत मते देऊन निकाल ठरवीत. जन्मभर मातीत खेळलेल्या मल्लास हे सर्व नव्याने शिकणे भाग होते. रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाने त्यांस गादीवरील कुस्तीचे धडे दिले. फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरविले. इराणच्या मल्लापुढे मात्र त्यांस हार खावी लागली. त्यांचा सहावा क्रमांक आला. पहिल्याच प्रयत्नात जगात सहावे येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण सहाव्या क्रमांकास पदक नसते. खाशाबा परत आले ते चार वर्षांनंतरच्या सामन्यांचा विचार मनात घेऊनच. त्यांनी आपला वजनगट बदलला आणि मेहनत दुपटीने वाढविली.

1952 चे ऑलिंपिक फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे भरणार होते. परंतु हेलसिंकीच्या आधी दोन अडथळे होते. पहिला निवडीचा. देशातील निवड स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांस वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः खेळांचे मोठे चाहते आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी पुन्हा कुस्ती लावण्याची व्यवस्था केली. कलकत्त्याच्या निरंजन दास या मल्लाशी ती कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली. त्यांची निवड झाली.

दुसरा अडथळा याहून मोठा होता. तो पैशाचा. निवड झाली तरी प्रवासखर्च ज्याचा त्याने उभारावयाचा, अशी तेव्हाची स्थिती होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशापुढे अन्नधान्याचे, निर्वासितांचे असे मोठमोठे प्रश्न होते आणि खेळांकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. गोळेश्वरचे गावकरी आणि ओळखीचे दुकानदार यांनी जमेल तेवढी वर्गणी दिली. कोणी रुपया दिला, कोणी पाच दिले. या पैशांची रास कितीही प्रेमाने रचली, तरी तीतून युरोपचा प्रवास होणे शक्य नव्हते.

अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर पुढे आले. आपल्या विद्यार्थ्याने केवळ पैशावाचून मागे राहावे, हे त्यांस सहन होईना. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. प्राथमिक शाळेतील शिक्षकाचा महिन्याचा पगार शंभर रुपयांच्याही आत असे, असा तो काळ. सात हजारांचे कर्ज म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून यावी. खाशाबा जिंकले नसते किंवा परदेशात जायबंदी झाले असते, तरी ते कर्ज फेडावयाचे होतेच. आणि न फेडल्यास घर जावयाचे होते. गुरूने आपल्या डोक्यावरील छप्पर शिष्याच्या हाती दिले होते. खाशाबा हेलसिंकीला निघाले ते हे ओझे मनावर घेऊन.

हेलसिंकी हे जगाच्या अगदी उत्तरेकडील शहर. जुलै महिन्यात तेथे रात्री दहा वाजून गेल्यावरही सूर्य मावळत नाही. 19 जुलै 1952 रोजी तेथे सामन्यांचे उद्घाटन झाले. पाव्हो नुर्मी या फिनलंडच्या जगप्रसिद्ध धावपटूने मैदानात ज्योत पेटविली. याच सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकून जगास थक्क केले. अशा या मेळाव्यात कुस्तीच्या सभागृहात गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात उतरले. या गटात तेव्हा मल्लाचे वजन 57 किलोपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाशे पौंड, असावे लागे.

पहिली कुस्ती कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी झाली. खाशाबांनी त्याला चीत केले. त्यानंतर मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो. तोही चीत झाला. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झने अधिक झुंज दिली. पण पंचांचा निकाल खाशाबांच्या बाजूने लागला. आता पदक हाकेच्या अंतरावर आले होते. पुढे उभा होता जपानचा शोहाची इशी.

इशी हा मूळचा ज्यूदो खेळणारा. महायुद्धानंतर जपानवर परकीयांचा अंमल आला, तेव्हा ज्यूदोवर बंधने आली. म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. ज्यूदोची चपळाई आणि कुस्तीची पकड या दोहोंचा त्याच्या ठायी संगम झाला होता. त्या दोघांची कुस्ती पूर्ण वेळ चालली. एकाने डाव टाकावा आणि दुसऱ्याने तो तोडावा, असे पंधरा मिनिटे चालू होते. शेवटी अगदी थोडक्या फरकाने इशी विजयी ठरला. त्या वर्षी जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक याच इशीने मिळविले. खाशाबा हरले ते कोणाकडून, हे यावरून ध्यानात येईल.

त्यानंतर जे घडले, त्याची हळहळ महाराष्ट्रातील कुस्तीशौकीन अजून व्यक्त करतात. इशीशी झालेल्या झुंजीने खाशाबा थकून गेले होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लास निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु लगेच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारण्यात आले. नियमाकडे बोट दाखवून पंचांशी बोलणारा कोणी भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेच्या गलबल्यात एकट्या मल्लाने काय करावे? खाशाबा तसेच गादीवर उतरले. समोर रशियाचा रशीद मामेदबेकोव ताजातवाना उभा होता. खाशाबा ती कुस्ती हरले. इशीस सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबा जाधव यांस कांस्यपदक मिळाले. अर्धा तास मिळता तर काय झाले असते, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. खाशाबांनी मात्र या गोष्टीचे रडगाणे कधी गायिले नाही.

23 जुलै 1952 हा तो दिवस. भारताच्या हॉकी संघाने यापूर्वीही ऑलिंपिकची सुवर्णपदके जिंकली होती आणि हेलसिंकीतही जिंकले. परंतु स्वतंत्र भारताच्या एखाद्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. 1900 साली पॅरिसच्या सामन्यांत कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने धावण्यात दोन रौप्यपदके मिळविली होती. पण तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते.

कराडच्या रेल्वे स्थानकावर खाशाबा उतरले, तेव्हा तेथे माणसांचा सागर लोटला होता. ढोल, ताशे, लेझीम यांचा गजर चालला होता. बैलांना शृंगारून जोडलेल्या 151 गाड्या मिरवणुकीत होत्या. एरवी पंधरा मिनिटांत तुटावे एवढे अंतर. ते कापण्यास त्या दिवशी सात तास लागले. वाटेवरच्या लोकांना आपला मल्ल डोळे भरून पाहावयाचा होता. ज्या वाटांनी पायी चालणारे खाशाबा सर्वांच्या ओळखीचे होते, त्याच वाटांवर त्यांना पाहण्यासाठी आता दाटी झाली होती.

मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला. खाशाबांना मात्र कर्जाचा विसर पडला नव्हता. कोणी बक्षीस देईल आणि मग फेडू, अशी वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले. ऑलिंपिकवीराची कुस्ती पाहण्यास लोकांनी गर्दी केली. खाशाबा स्वतः लढले आणि जिंकले. त्यांतून मिळालेले पैसे त्यांनी खर्डेकर सरांच्या हाती दिले आणि त्यांचे घर सोडविले. खाशाबांनी आयुष्यात पुष्कळ कुस्त्या जिंकल्या. त्यांच्या चरित्रात हेलसिंकीच्या खालोखाल स्थान द्यावयाचे, ते याच मैदानास.

1955 साली खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस दलात फौजदार झाले. पुढील वर्षी मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने होणार होते. पण गुडघा दुखावल्यामुळे त्यांना तेथे जाता आले नाही. पोलिसांच्या स्पर्धांत ते कुस्त्या खेळले, तरुण पोलिसांना त्यांनी कुस्ती शिकविली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी नोकरी केली. तीत बढती मात्र फार उशिरा मिळाली. त्यांच्यामागून आलेले लोक वर चढत गेले आणि हे बराच काळ त्याच हुद्द्यावर राहिले. सेवेच्या अगदी अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतरचे दिवसही ओढगस्तीचे होते. स्वतंत्र देशाला पहिले वैयक्तिक पदक आणून देणाऱ्या मल्लाचे नाव पाठ्यपुस्तकांत नव्हते, सन्मानांच्या यादीत नव्हते. 1982 साली दिल्लीस आशियाई सामने झाले, तेव्हा क्रीडाज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना बोलाविण्यात आले. साठीकडे झुकलेले खाशाबा ती ज्योत घेऊन धावले.

14 ऑगस्ट 1984 रोजी कराडजवळ रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

त्यांच्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला किती वाट पाहावी लागली, हे पाहण्यासारखे आहे. 1996 साली अटलांटा येथे लिएंडर पेस याने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. म्हणजे मध्ये 44 वर्षे गेली. कुस्तीतील दुसरे पदक तर 2008 साली बीजिंग येथे सुशीलकुमारने मिळविले, तेव्हा हेलसिंकीला 56 वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात लोकांना खाशाबांची आठवण होऊ लागली. महाराष्ट्र शासनाने त्यांस मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला, भारत सरकारने अर्जुन पुरस्कार दिला. 2010 साली दिल्लीत राष्ट्रकुल सामने झाले. त्या वेळी कुस्तीसाठी जे क्रीडागृह बांधण्यात आले, त्यास खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरातील त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे.